क्षचे खिळे

आमचा छापखाना लग्नपत्रिकांवर चालायचा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या; पुढच्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, मागच्या खोलीत खिळ्यांच्या केसी. खिळा म्हणजे शिशाचं एकेक सुटं अक्षर. लाकडी केसीत प्रत्येक अक्षराला वेगळा खण. खिळे उचलून ओळ लावायची, ओळींचं पान करून दोऱ्यानं बांधायचं, छापायचं, आणि छापून झालं की एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकायचा. हे शेवटचं काम कुणालाच आवडत नाही, म्हणून ते माझ्याकडे होतं. बारावी झाल्यावर मी छापखान्यात जाऊन बसले ती अजून उठलेली नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिळे विकत घेतले होते ते लग्नपत्रिका डोळ्यांसमोर ठेवून. त्यामुळे 'श्री' भरपूर, 'चि.' आणि 'सौ.' लागतात ती अक्षरं भरपूर, गणपतीचे ब्लॉक तर लहानमोठे सगळ्या आकारांत. 'ज्ञ' आणि 'क्ष' मात्र मूठभर. पत्रिकेत क्ष लागतो तो अक्षतांपुरता, आणि शाळेच्या परीक्षेचे पेपर छापायला आले तर थोडा जास्त. तेवढ्यावर आमचं वर्षानुवर्षं भागत होतं.

त्या उन्हाळ्यात पत्रिकाच येईनात. आदल्या वर्षी पाऊस जेमतेम झालेला. विहिरींनी लवकरच तळ दाखवला होता, आणि वऱ्हाडाला हात धुवायला पाणी कुठून द्यायचं म्हणून लोकांनी लग्नं पुढं ढकलली. ज्यांना ढकलता येत नव्हती त्यांनी देवळात घरच्या माणसांत उरकली, आणि अशा लग्नाला पत्रिका लागत नाही. आप्पा मशीनवर कापड टाकून दारात बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच हाक मारायचे.

अशात एक दिवस आमच्याच गल्लीत राहणारे सर कागदांचं बाड काखोटीला मारून आले. त्यांनी जन्मभर नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर बायकोचं माहेर म्हणून लातुरात घर बांधलं होतं. घर म्हणजे पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाकी सगळीकडे पुस्तकं. मूळचे देगलूरचे, त्यामुळे चिडले की तेलुगूत पुटपुटायचे. नांदेडच्या एका साप्ताहिकात त्यांचे लेख यायचे. वेळ म्हणजे काय, एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, चंद्र रोज वेगळ्या वेळी का उगवतो, शून्यानं भागलं तर काय बिघडतं, असे विषय. गल्लीत ते लेख फारसं कुणी वाचत नव्हतं, पण आपल्या गल्लीतला माणूस छापून येतो याचं कौतुक होतं.

सरांना त्या लेखांचं पुस्तक करायचं होतं.

"पुण्याला का देत नाही?" आप्पांनी विचारलं. घरी चालून आलेलं काम असं परतवायची त्यांची जुनी खोड.

"दिलं होतं. ते म्हणाले, विद्वानांना हे फार सोपं वाटेल आणि बाकीच्यांना अवघड."

"मग हाय कुणासाठी?"

"शाळा सुटली त्या दिवशी ज्यांनी गणिताचं पुस्तक फेकून दिलं त्यांच्यासाठी," सर म्हणाले. "त्यांनी ते परत हातात घ्यावं, एवढंच मला पाहिजे. बाकी काही नको."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहावीला गणितात काठावर पास झाले होते आणि निकाल लागला त्याच संध्याकाळी गणिताचं पुस्तक चुलतबहिणीला देऊन मोकळी झाले होते. काम नव्हतंच, म्हणून आम्ही पुस्तक घेतलं.

पहिल्या चार पानांचं प्रूफ मी नेऊन दिलं तेव्हा सर बराच वेळ वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?"

मी पाहिलं. पहिलं पान म्हणून आप्पांनी सवयीनं वर गणपतीचा ब्लॉक लावला होता, आणि खाली 'कारण म्हणजे काय' असं लेखाचं नाव. मी ब्लॉक काढून आणते म्हणाले. "काढ," सर म्हणाले, "नाहीतर लोक आहेर घेऊन येतील."

तत्त्वज्ञानाच्या लेखांनी आधी आमचा अर्धा त खाल्ला. तत्त्व, अस्तित्व, सत्य, महत्त्व. पत्रिकेच्या केसीला हे झेपणारं नव्हतं. एका वेळी चारच पानं बांधता यायची, ती छापून सोडवली, म्हणजे खिळे मोकळे केले, की पुढची. मला हे काम आवडायला लागलं, कारण दिवस भरून जात होता. लेख काय सांगतोय ते मात्र जुळवताना कळत नाही. खिळे उलटे वाचायचे असतात, तिथं डोकं अक्षरात असतं.

लेख कळायचा तो टँकरच्या रांगेत. सरांची ही एक रीत होती. प्रूफ हातात पडलं की घरी बसून तपासायचं नाही, रांगेत घेऊन जायचं. टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचा, पण कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. घागरी, कळश्या, तेलाचे रिकामे डबे ओळीनं मांडून माणसं भिंतीच्या सावलीत बसलेली असायची. सरही आपली घागर लावायचे, कानावर पेन्सिल अडकवायचे आणि वाचायला लागायचे. जिथं बायका आपसात बोलायला लागतील तिथं पेन्सिलीनं खूण. "तिथं माझं वाक्य लांबलं," ते मला सांगायचे. दुसऱ्या दिवशी प्रूफ माझ्याकडे यायचं ते या खुणांनी भरून, आणि मी मनातल्या मनात त्यांना बोल लावत एकेक ओळ सोडवून परत लावायचे.

रांगेत सगळ्यात पुढं बहुतेक वेळा तेलवाल्या मावशी असायच्या. घरचं तेलाचं दुकान, गळ्यात लिंग, आणि बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. एकदा सर माहीत असणं म्हणजे काय हा लेख वाचत होते.

"काल टँकर आला, परवा आला, त्याच्या आधीही आला. म्हणून उद्याही येईल असं आपण म्हणतो. पण हे कशावरून?"

"कशावरून म्हंजी?" मावशी म्हणाल्या. "डायवर माझ्या माहेरचा हाय."

"ते झालं. पण समजा..."

"समजा बिमजा न्हाई. यायलाच पायजे त्यानं."

"यायला पाहिजे आणि येईल, यांत फरक आहे, मावशी."

"गुरुजी, उन्हातान्हाची माणसं बसलीत हितं, आन् तुमी असलं अभद्र वाचून ऱ्हायलेत. दुसरं पान काढा."

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. वाटेत त्याचा पाटा तुटला होता. पण गल्लीचं मत ठाम झालं की हे सरांनी ओढवलं. मोंढ्यात हमाली करणारे एक काका रिकामा डबा उचलून घरी निघाले होते, ते सरांपाशी थांबले. "गुरुजी, आता पाऊस लई पडतो असं बी एक पान लिवा. तुमचं लिवलेलं लागू पडतंय." सरांनी त्याच दुपारी लेखाला एक परिच्छेद जोडला, टँकर न आल्याचा आणि दोष कुणावर आला त्याचा, आणि मला पान पुन्हा बांधावं लागलं. पुस्तकातला तो परिच्छेद लोकांना सगळ्यात जास्त आवडतो. मला तो दिसला की बोटं दुखतात.

मग बीजगणिताचं प्रकरण आलं. माहीत नसलेली संख्या माहीत असल्यासारखी कशी वागवायची, याच्यावर ते होतं, आणि ओळीओळीला क्ष. समीकरणाच्या डाव्या बाजूला क्ष, उजव्या बाजूला क्ष, खाली परत क्ष. मी केसीतला क्षचा खण खरवडून काढला तेव्हा कुठे चार पानं बांधून झाली.

रांगेत सरांनी ते प्रकरण वाचलं आणि कुणी काहीच बोललं नाही. बायका आपसातही बोलल्या नाहीत. हमाल काका डब्याकडे बघत होते. मावशी पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. टँकर आला, सगळे उठले.

सर खूश होऊन माझ्या शेजारी आले. "किती लक्ष देऊन ऐकलं, पाहिलंस?"

"ऐकलं नाही, सर. वर्गात बसल्यासारखे बसले होते."

"म्हणजे?"

"मास्तर आपल्याला विचारतील म्हणून मान खाली घालून बसतात तसे."

सरांनी त्या प्रूफावर सही केली नाही. सहीशिवाय पानं छापायची नाहीत हा आमचा नियम. त्यामुळे ती चार पानं दोऱ्यानं बांधलेली तशीच फळीवर राहिली, आणि त्यांच्यात आमचा जवळजवळ सगळा क्ष अडकून पडला.

नेमका त्याच श्रावणात लातूर जिल्हा झाला. पाऊस नव्हताच, पण मिरवणुका निघाल्या, गुलाल उडाला. आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्या दारात माणसं उभी राहिली. दुकानांच्या पावत्यांवर जिल्हा उस्मानाबाद होतं ते बदलायचं होतं. ज्यांच्या कागदावर तालुका मंडळ होतं त्यांचं आता जिल्हा मंडळ झालं होतं, आणि जो काल तालुकाध्यक्ष होता तो आज जिल्हाध्यक्ष होता. प्रत्येकाला नवं लेटरहेड पाहिजे होतं, तेही कलेक्टरला भेटायला जाण्याआधी. लेटरहेडच्या डाव्या अंगाला कार्यकारिणी छापायची पद्धत: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, मग ओळीनं उपाध्यक्ष. नाराज कुणाला करायचं नसतं, म्हणून उपाध्यक्ष पुष्कळ.

आप्पांनी क्षचा खण उघडला. खणात धूळ होती.

नवे क्ष पुण्याहून मागवायला हवे होते, पण खिळे ओतणारे एकटं अक्षर पाठवत नसत आणि पाठवलं तरी यायला महिना लागला असता. आप्पांनी मग जुना उपाय केला. अर्धा क आणि त्याला चिकटून ष. एका व्यापारी मंडळाचे नवे जिल्हाध्यक्ष प्रूफ बघायला आले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"हे काय हो आप्पा? मी मोडलेला दिसून ऱ्हायलो."

"वाचायला येतंय की साहेब."

"वाचायला येतंय. पण कलेक्टरच्या टेबलावर जाणार हाय हे. निवडून आलेला अध्यक्ष वाटला पायजे, जोडकाम केलेला न्हाई." आणि जाता जाता म्हणाले, "नांदेडला माझा साडू छापखान्यावाला हाय. तकलीफ व्हत आसंल तर सांगा."

ते गेल्यावर आप्पा फळीपाशी गेले आणि सरांची चार पानं खाली उतरवली. "सोडव, माय," मला म्हणाले. "सरांच्या गणितात जोडलेला क्ष घालू. पुस्तक काय कलेक्टरला द्यायचं न्हाई."

मी आधी सरांकडे गेले. न विचारता कुणाचं बांधलेलं पान सोडवणं मला पटत नव्हतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "जोडलेला क्ष चालणार नाही. बीजगणितात दोन अक्षरं शेजारी शेजारी आली की त्यांचा गुणाकार होतो. माझी सगळी समीकरणं चुकतील."

"मग प्रकरण काढू या का?"

"प्रकरण काढलं तर पुस्तकात उरलं काय? बाकीचे लेख लोक असेही वाचतील. गणित सोडलेल्या माणसाला परत आणायचं ते या प्रकरणानं. हे नाही छापलं तर मला पुस्तकच नको."

म्हणजे पानं सोडवली तर सरांचं पुस्तक जात होतं आणि नाही सोडवली तर कित्येक महिन्यांनी दारात आलेलं काम नांदेडला जात होतं. मी उभ्या उभ्या विचार केला आणि विचारलं, "क्षच पाहिजे का? म घ्या की. आमच्याकडे म पोत्यानं आहेत. मंगल, मुहूर्त, मंडप, मामा, मावशी."

सर हसले. "गणिताचं काहीच बिघडत नाही. कुठलंही अक्षर चालतं. पण शाळेत सगळ्यांना क्षची ओळख असते ना."

"ओळख आहे म्हणूनच मान खाली घालतात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं आणि पानं सोडवायची परवानगी दिली. मी संध्याकाळपर्यंत सगळे क्ष खणात टाकले. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष अखंड छापले गेले, त्यांच्या पाठोपाठ बाकीचेही.

सरांनी हातानं क्षच्या जागी म लिहिला आणि तो कागद घेऊन रांगेत आले. वाचायला सुरुवात केली: दोन म आणि पाच मिळून एकवीस.

"म म्हंजी काय?" मावशींनी लगेच विचारलं. "मीठ?"

"मका आसंल," हमाल काका म्हणाले. "दोन पोती मका आन् वर पाच किलो."

"मग एकवीस कसं व्हईल? दोन पोतीच दोन क्विंटल व्हतेत."

"बारकी पोती आसतील."

सर वाचायचे थांबले. कानावरची पेन्सिलही त्यांनी काढली नाही. गेल्या वेळी याच लोकांनी याच समीकरणाला तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी समोरच्या ओळीतल्या दोन घागरींवर बोट दाखवलं. "या दोन सारख्या घागरी समजा. तोंडाला फडकं बांधलंय. आत किती पाणी आहे ते दिसत नाही, पण दोन्हींत सारखं आहे. शेजारी पाच तांबे पाणी वेगळं ठेवलंय. सगळं मिळून एकवीस तांबे. तर एका घागरीत किती?"

"साडेधा," हमाल काका म्हणाले.

"ते पाच कुटं गेले मग?" मावशी म्हणाल्या. "पिऊन टाकले?"

यावर जे भांडण सुरू झालं ते टँकर येईपर्यंत चाललं. कुणी म्हणे आधी पाच बाजूला काढा, कुणी म्हणे आधी दोन वाटण्या करा, पाचाच्या पण. पाचाच्या वाटण्या केल्या तर तांबे मोडतात, असं एकीनं म्हटलं. शेवटी सोळा आणि मग आठ असं बहुतेकांचं जमलं. आठ तांब्यांची घागर नसतेच, ती कळशी असणार, हा मावशींचा आक्षेप मात्र शेवटपर्यंत कायम राहिला. सरांनी बरोबर का चूक ते सांगितलंच नाही. टँकर आल्यावर ते आपली घागर तिथंच विसरून घरी गेले. ती मी भरून पोचवली.

त्यांनी प्रकरण नव्यानं लिहिलं. अक्षरच नाही, क्षही नाही आणि मही नाही. झाकलेल्या घागरी, तांबे, एका घागरीतलं दुसरीत ओतणं, दोन्हीकडून सारखं काढून टाकणं. मी ते जुळवलं आणि जुळवता जुळवता पहिल्यांदाच मला आत काय चाललंय ते कळलं. उलट्या खिळ्यांतून गणित कळलं म्हणजे ते चांगलं लिहिलेलं असणार, असा माझा हिशेब.

तोवर लेटरहेडांची गर्दी ओसरली होती. सर छापखान्यात आले आणि थेट केसीपाशी गेले.

"क्ष मोकळे झाले ना?"

"झाले."

"मग जुनं प्रकरण परत लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आणि घागरी?"

"घागरी राहू दे. नांदेडला माझ्याबरोबर शिकवणाऱ्यांकडे हे पुस्तक जाणार. ते म्हणतील, म्हाताऱ्यानं बीजगणितातून बीजगणित काढलं आणि पाणवठा ठेवला. एवढी वर्षं मी मुलांना काय शिकवलं?"

"त्यांनी गणित सोडलंय का?"

"नाही."

"मग पुस्तक त्यांच्यासाठी नाही. तुम्हीच आप्पांना सांगितलं होतं."

सर तेलुगूत काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. आप्पा मशीनवरून म्हणाले, "गिऱ्हाइकाला शिकवू नको. जे म्हणतील ते लाव." त्यांचं बरोबर होतं. मी क्षचा खण जवळ ओढला, पण खिळा उचलला नाही. दोन दिवस बाकीची कामं केली.

त्या दोन दिवसांत सर रांगेत आले नाहीत. त्यांची घागर त्यांची बायको लावून जायची. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला विचारलं, "गुरुजी रुसले का काय?"

"कामात आहेत."

"त्यांना सांग, तीन घागरीचं गणित सांगतो म्हणाले व्हते, ते ऱ्हायलं. आमच्या घरात रातच्याला दोन घागरीचं घालून बघितलं. मालकाला येईना."

मी हे सरांना जाऊन सांगितलं. ते पुस्तकांच्या ढिगात बसले होते. "काय म्हणाल्या नेमकं?" त्यांनी विचारलं. मी परत सांगितलं. "घरी घालून बघितलं असं म्हणाल्या?" मी हो म्हणाले. "कुणी न सांगता?" हो. ते उठले, चष्मा पुसला, परत बसले. मग म्हणाले, "घागरी लाव. जुनं प्रकरण शेवटी परिशिष्ट म्हणून टाक. घागरी ओलांडून ज्याला पुढं जावंसं वाटेल तो जाईल तिकडं. नांदेडकरांनी पाहिजे तर मागून वाचावं."

परिशिष्टाला कागद जास्त लागला म्हणून आप्पा कुरकुरले. मी परिशिष्ट नीट लावलं, खरे अखंड क्ष घालून, पण मला ते कुणी वाचेल असं वाटत नव्हतं आणि तसं मी सरांना तोंडावर सांगितलं. "बघू," ते म्हणाले.

पुस्तक बांधून झालं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सुरुवातीची पानं आम्ही आधी छापली होती, त्यामुळे आत छापखान्याच्या पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद होतं आणि मागच्या वेष्टनावर जिल्हा लातूर. सरांना ते फार आवडलं. एकच छापखाना एका पुस्तकात दोन जिल्ह्यांत कसा असू शकतो, याच्यावर त्यांनी पुढच्या पुस्तकात लेख लिहिला.

पुढची पुस्तकं झाली, चांगली झाली. प्रकाशावरचं चांगलं झालं, मोजण्यावरचं त्याहून चांगलं. नांदेड, लातूरच्या बसस्टँडवर ती जायची, माहूरच्या यात्रेत आरत्यांच्या पुस्तकांशेजारी मांडलेली मी स्वतः पाहिली आहेत. पाऊस परत यायला लागला, गल्लीत नळ आले, आणि सरांना वाचून दाखवायला रांग उरली नाही. मग ते प्रूफ घेऊन आमच्या छापखान्यातच बसायचे आणि जे गिऱ्हाईक येईल त्याला ऐकवायचे. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका मुलाच्या बापाला त्यांनी गुरुत्वाकर्षण पूर्ण समजावल्याशिवाय उठू दिलं नव्हतं. खिळे जाऊन ऑफसेट आलं, आप्पा गेले, मशीन माझ्याकडे आलं. बाइंडिंगचं काम मी तेव्हापासून वाढवलं.

बाइंडिंगला वाचनालयांची फाटकी पुस्तकं गठ्ठ्यानं येतात. पुस्तक कुठं वाचलं गेलं ते बांधणाऱ्याला कळतं. हाताचा मळ, चहाचे डाग, दुमडलेले कोपरे. सरांचं पहिलं पुस्तक कितीदा तरी माझ्याकडे आलं, आणि दर वेळी मी सवयीनं बघायचे. टँकरचं पान काळं, घागरींचं प्रकरण हळदीचं, तेलाचं, सुटायला आलेलं. परिशिष्ट पांढरं स्वच्छ. मी म्हणाले होते ते खरं होतं. सरांना हे मी सांगत नव्हते, त्यांचं वय झालं होतं.

मग एकदा इस्लापूरकडच्या एका शाळेचा गठ्ठा आला. त्यात सरांचं पुस्तक होतं, कणा तुटलेला. घागरींची पानं नेहमीसारखी मळलेली. परिशिष्टाचीही. तिथल्या शेवटच्या उदाहरणाशेजारी समासात पेन्सिलीनं कुणीतरी समीकरण सोडवलं होतं. बारीक अक्षर, दोनदा खोडलेलं, परत लिहिलेलं, आणि खाली उत्तराला चौकट.

मी दुकान कामाला असलेल्या पोरींवर सोपवलं आणि पुस्तक घेऊन सरांकडे गेले. त्यांनी भिंगातून बघितलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बराच वेळ लागला. मी उभीच होते, मला परत जायचं होतं.

"चुकलंय," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुललेला मी फार दिवसांत पाहिला नव्हता. "उत्तर चुकलंय. इथं बघ, तिसऱ्या ओळीत. पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहिलं. इथपर्यंत एकट्यानं बरोबर आलाय. किंवा आलीय." त्यांनी हात पुढं केला. "पेन्सिल दे."

"सर, शाळेचं पुस्तक आहे. त्याच्यावर लिहिता येणार नाही."

"दे."

त्यांनी तिसऱ्या ओळीशेजारी अगदी फिकट अक्षरात 'चिन्ह?' एवढंच लिहिलं आणि पुस्तक माझ्याकडे दिलं. मी परत येऊन नवा कणा लावला, समास कापला जाणार नाही एवढी कड सोडली, आणि संध्याकाळच्या एसटीनं गठ्ठा रवाना केला.